शेवटच्या चौकटीतलं ठिगळ

चष्म्याच्या दुकानातल्या उंच खुर्चीवर ताई बसली ती थेट परीक्षेला बसल्यासारखी. ताई म्हणजे रफूवाली. कोटाला पडलेलं भोक ती असं बुजवायची की मालकाने शोधून शोधून थकावं. पण गेलं वर्षभर दोरा सुईत जायला कुरकुरत होता, आणि धाकट्या बहिणीने काल इथे वेळ घेताना चष्मेवालीसमोरच निक्षून सांगितलं होतं, "डोळे तपासून घे. गेले असतील तर दुकान बंद, आणि मुकाट्याने माझ्याकडे राहायला ये."

ताईचा बहिणीवर जीव होता, तिचं घरही आवडायचं. पण दुकान बंद? त्यापेक्षा एक दिवस खोटं बोललेलं परवडलं.

खोटं बोलायची सोयही आयती होती. इथला वाचायचा तक्ता चष्मेवालीच्या वडिलांनी केलेला. नुसती अक्षरं वाचून माणसं कंटाळतात, म्हणून त्यांनी वर्तमानपत्रातली छत्रीवाल्या गुप्तहेराची चित्रकथा कापून, झेरॉक्सवर लहान लहान करत एकाखाली एक लावली होती. दीपस्तंभावरच्या खुनाचा तपास ठळक अक्षरांत सुरू व्हायचा आणि तळाशी खुनी सापडेपर्यंत अक्षरं मुंगीएवढी व्हायची. ज्याला शेवट वाचता आला, त्याचे डोळे शाबूत. ताईला तर अख्खी गोष्ट तोंडपाठ होती. तीस वर्षांपूर्वी हातातली सुई खाली ठेवून तिने ती रोज वाचली होती.

"आता शेवटची चौकट, मावशी," चष्मेवाली म्हणाली.

ताईला दिसली ती एक करडी रेघ. तिने खड्या आवाजात म्हणून टाकलं, "खुनी दुसरा कुणी नाही, हा राखणदारच!"

चष्मेवाली जराशी घुटमळली. "मावशी, इथे डॉक्टर लिहिलंय."

सोबत आलेल्या बहिणीने ताईकडे असं पाहिलं की ताईला खुर्ची आणखीच उंच वाटली.

"डॉक्टर कसला!" बाकावर नंबराची वाट बघत बसलेले पोस्टमनकाका उठलेच. निवृत्त झाले तरी आवाज दारात हाक मारण्याचाच होता. "राखणदारच! त्या दिवशी टपाल वाटायला दुपार झाली मला. दारोदार हीच चर्चा."

"काका, मी लहानपणापासून हा तक्ता वाचतेय. डॉक्टरच."

"मग दिव्याच्या खोलीची किल्ली कुणाकडे होती?"

"डॉक्टरने राखणदाराला झोपेचं औषध दिलं होतं ना!"

"ते सर्दीचं होतं!"

आता बहिणीलाही राहवेना. "तो राखणदार आधी मांजराला जेवू घालायचा, मग स्वतः जेवायचा. असा माणूस खून करेल?"

"मांजरं पाळणारे खुनी मी पाहिलेत, बाई."

"कुठे?"

"चित्रकथेतच," काका पडेल आवाजात म्हणाले आणि खाली बसले.

हसता हसता चष्मेवालीने ताईच्या नाकावर भिंगं बदलून बघायची ती जड गोल चौकट चढवली आणि एकेक भिंग घालत गेली. "आता? आणि आता?" चौथ्या भिंगाला करडी रेघ फुटली आणि तिची अक्षरं झाली.

"डॉक्टर," ताईने मान्य केलं. मग तक्ता हातात घेऊन नाकाशी आणला, तिरका केला. रफू तपासताना ती कापड धरायची तसाच. "पण हे ठिगळ आहे."

"काय?"

"इथे, बोलाच्या फुग्यात. कागदाच्या कडेची सावली उमटलीय बघ. आणि अक्षर छापील नाही, हाताचं आहे. वर कागद चिकटवून मग झेरॉक्स काढलीय."

चष्मेवालीने मोठं भिंग घेऊन पाहिलं, मग भिंगांचा खण ओढून आतल्या पाकिटांवरचे आकडे आणि शब्द पाहिले. अक्षर तेच. बाबांचं.

ताईला आठवायला लागलं. "तू सहा वर्षांची होतीस. या टेबलाखाली बसून भोकाड पसरलं होतंस. राखणदाराला सोडवा म्हणून. तुझे बाबा मला म्हणाले, पोरगी जेवत नाही हो, काय करू? मी थट्टेने म्हटलं, लावा की ठिगळ."

चष्मेवालीने दुसऱ्यांचे चष्मे पुसायचं फडकं उचललं आणि स्वतःचे डोळे पुसले. मग बहिणीकडे वळून म्हणाली, "तीस वर्षांत हे कुणाला दिसलं नाही. मलाही नाही. मावशीला फक्त नवा नंबर लागलाय. दुकान कसलं बंद करताय?"

"मी कुठे म्हटलं?" बहीण म्हणाली. काल म्हटलेलं तिने असं सफाईने गिळलं की छत्रीवाल्यालाही पत्ता लागला नसता.

ती जड चौकट अजून नाकावरच होती. ताईची नजर बहिणीच्या स्वेटरच्या कोपरावर गेली. "हे कुणी केलंय? टाके बघ, कुठल्या कुठे गेलेत. शी!"

बहीण कोपर झाकायला लागली. "राहू दे ग."

"अगं पण कुणी?"

"तूच. गेल्या थंडीत."

"आणि तू तसाच घालून फिरतेस?"

"तू विचारलंस, छान झालंय ना. मी म्हटलं, झालंय."

ताईने ते कोपर ओढून नाकाशी धरलं. "काढ तो स्वेटर," ती म्हणाली. "आत्ता काढ. चष्मा मिळाला की पहिलं काम हे."