बोंबलांवर टांगलेली सीडी

मी एक जुनी सीडी आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगाला अजून बोंबलांचा वास येतो. तो कसा लागला तेच सांगते.

दादरच्या एका दुकानातून कल्पेशने मला कोरी विकत आणले. वरळी कोळीवाड्यात तेव्हा कॉम्प्युटर त्याच्याच घरी होता. त्याचे काका चंदू यांनी हौसेने कॅमेरा घेतला होता. नारळी पुनवेला काढलेले फोटो ते कल्पेशकडे आणत आणि तो ते माझ्यावर उतरवी. लेसरचा चटका बसे, पण आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत, याचे मला भारी अप्रूप वाटे.

"बंद करू काय सीडी, काका?" कल्पेशने विचारले. एकदा बंद केली की सीडीवर पुढे काही उतरवता येत नाही.

"जागा हाय ना अजून? मग कशाला? पुढच्या पुनवेला टाकू."

दोन पुनवा तसे झाले. तिसरीच्या आधी चंदूकाका छातीत कळ येऊन गेले. मी उघडीच राहिले.

कॅमेरा कायम त्यांच्याच हातात असायचा. त्यामुळे फोटोंत होडी होती, समुद्र होता, अख्खी आळी होती. ते स्वतः सहसा नसत. घरात हार घातलेला फोटो होता, तो ओळखपत्रावरून मोठा केलेला. त्यात ते कोणीतरी दरडावल्यासारखे बघत.

यंदा त्यांच्या मुलीचे, चैत्रालीचे लग्न ठरले. हळदीला बाबांचा फोटो खुर्चीवर ठेवायचा होता.

"तो दरडावलेला नको गो," तिची आई गुणवंती म्हणाली. "पुनवेचा एक मी काढलेला. हसतायत त्यात. सीडीत असंल बघ."

चैत्रालीच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नव्हती. तिने बाहेरून जोडायचे यंत्र आणले. त्याने मला गरगर फिरवले आणि कोरी म्हणून जाहीर केले. मी आतून ओरडत होते, पण सीडीचे ओरडणे कोणाला ऐकू येते?

"काय नाय यात, आये."

गुणवंतीने मला तिच्या हातून घेतले. मग तिने मला दोरा बांधला आणि बोंबील वाळत घातलेल्या बांबूवर टांगले, कावळ्यांना भिववायला. पहिल्या दिवशी कावळे बिचकले. नंतर माझ्यासमोरच बसून बोंबील खाऊ लागले. ऊन मात्र माझ्या अंगात शिरत होते आणि आतले फोटो विरत चालले होते. मला फार भीती वाटली.

लग्नाच्या कामाला आलेल्या कल्पेशने वर पाहिले. माझ्यावर त्याच्याच अक्षरात 'पुनव' लिहिले होते.

"काकी, ही कुठं टांगलीस? काकांची हाय ती."

"कोरी हाय ती. चैत्रालीनं बघितलं."

"कोरी नाय गं. मी बंद केली नव्हती. बंद न केलेली सीडी दुसऱ्या यंत्राला कोरीच दिसते. लिहिली त्यालाच वाचता येते."

त्याचा जुना कॉम्प्युटर माळ्यावर होता. कल्पेशने मला साबणाच्या पाण्याने धुतले आणि मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसले. जुन्या यंत्राने मला आत घेतले, दोनदा खोकले, आणि ओळखले. कडेचे, म्हणजे शेवटच्या पुनवेचे फोटो उन्हाने गेले होते. मधले, पहिल्या पुनवेचे, हळूहळू उघडू लागले. होडी. समुद्र. मग हातात नारळ घेतलेले चंदूकाका, तोंडभर हसणारे. एका कोपऱ्यात गुलाबी धब्बा होता.

गुणवंतीने पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, आता फोटो आणखी दोन ठिकाणी उतरवले आहेत आणि मी कपाटात, अंधारात सुखी आहे. तुमच्याही घरी माझ्या बहिणी असतील. नव्या यंत्राच्या एका शब्दावर त्यांना रिकामे ठरवू नका. आधी जुन्या यंत्राला विचारा. आणि उन्हात तर टांगूच नका. कावळेसुद्धा भीत नाहीत.

हळदीसाठी फोटो मोठा करताना कल्पेश म्हणाला, "काकी, हा कोपरा कापतो. तुझा अंगठा आलाय."

"राहू दे रे," गुणवंती म्हणाली. "आमी दोघं हाव त्यात."