चौदा महिन्यांची ओळ

मी अपेक्षाचा बायोडाटा बोलतोय. नोकरीचा; लग्नाचा नव्हे. बोलतानाही धाकधूक होते, कारण मला सगळ्यांत आधी वाचतं ते माणूस नसतं.

माझा जन्म वर्ध्यातल्या मुकेशच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये झाला. अपेक्षा आंजीहून बसने आली होती. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा आणि एका छोट्या लॅबमधलं दोन वर्षांचं काम, एवढी तिची शिदोरी. मुकेशने मला हौसेने नटवलं. डावीकडे निळा पट्टा, त्यात फोटो, फोन नंबर आणि भाषा. उजवीकडे शिक्षण आणि काम. कामाच्या मथळ्याला त्याने 'माय जर्नी' असं नाव दिलं. कौशल्यांपुढे पिवळे तारे काढले.

"एक नंबर दिसून राह्यला," तो म्हणाला. मीही फुशारलो.

मग तिने मला नागपूरच्या एका रुग्णालयाला पाठवलं आणि मी अर्जांची चाळणी करणाऱ्या सॉफ्टवेअरपुढे जाऊन पडलो.

त्याला निळा रंग दिसत नव्हता, फोटो दिसत नव्हता. ते आडवी ओळ धरून वाचत सुटलं. अर्धा फोन नंबर, त्याला चिकटलेलं उजवीकडचं 'रक्ताचे', मग 'मराठी, हिंदी', मग 'नमुने'. तारे त्याने गिळले. 'माय जर्नी' म्हणजे नोकरी, हे त्याला कळलंच नाही. मला ओरडावंसं वाटलं, पण मला आवाज कुठला! त्याने नोंद केली: अनुभव, शून्य वर्षे. दोन मिनिटांत नकार.

असं सहा ठिकाणी झालं. 

एका रविवारी तिची मावसबहीण समीक्षा आंजीला आली. ती नागपूरला एका कंपनीत भरतीचं काम पाहते. तिने माझा सगळा मजकूर उचलून कोऱ्या नोटपॅडवर ओतला. "पाह्य, मशीनले तू अशी दिसते."

अपेक्षाचा चेहरा उतरला. "हे तं येड्यावानी दिसून राह्यलं, ताई."

"तुह्यात काही कमी नाई. कागदावरचे खाने चुकले."

मग माझी चिरफाड सुरू झाली. पट्टा गेला, फोटो गेला, तारे गेले. आता आपलं काय उरणार, या भीतीने मी अर्धा झालो. एकच रकाना राहिला. वर नाव आणि फोन, खाली सरळ शब्दांत 'कामाचा अनुभव', मग 'शिक्षण', मग 'कौशल्ये'. नोकरीच्या जाहिरातीतले जे शब्द तिच्या कामाला खरोखर लागू होते, तेवढेच घेतले.

पण मधे एक भगदाड उरलं. लॅब सोडल्यापासूनचे चौदा महिने कोरे होते. बाबा, म्हणजे बबनराव, किडनीच्या आजाराने घरी पडून होते, म्हणून तिने काम सोडलं होतं.

अपेक्षाने मुकेशला फोन लावला. तो हसला. "लॅबची तारीख लांबवून टाक ना! मशीनले काय समजते?"

माझी तर शाईच गोठली. खोटी तारीख पोटात घेऊन मी त्या यंत्रापुढे कसा उभा राहणार? आणि कुणी जुन्या लॅबला फोन केला तर?

"रिकामी जागा दिसली का काही मशिनी बाजूले टाकतात, हेही खरं हाय," समीक्षा म्हणाली.

शेजारी वांगी चिरत बसलेल्या तिच्या आईने, आनंदाबाईंनी, मान वर केली. "चौदा महिने तू काय झोपून होती काय वं? बापाचं केलं ना? मंग तेच लिही."

तिने लिहिलं: 'चौदा महिने, आजारी वडिलांची घरी शुश्रूषा.' आणि मला नागपूरच्याच दुसऱ्या एका रुग्णालयाला पाठवून दिलं.

तीन दिवस काही कळेना. यंत्र त्या ओळीवर थांबलंय असंच मला वाटत राहिलं. मग एकदम प्रिंटरची धग लागली आणि मी कागदावर उतरलो. समोर लॅबच्या प्रमुख प्रमिलाबाई होत्या, आणि त्यांच्यापुढे अपेक्षा. त्यांचं बोट चौदा महिन्यांवर येऊन थांबलं.

"वडील कसे आहेत आता?"

"नाई राह्यले, मॅडम."

अपेक्षाच पुढे म्हणाली, "शेवटी शेवटी त्यांची नस कोनालेच सापडत नव्हती. रक्त मीच काढत होती. बाबा म्हणत, तुह्या हातानं दुखत नाई."

प्रमिलाबाईंनी चष्मा काढून पुसला. "सोमवारपासून येशील?"

आता मी इथल्याच एका फाइलीत आहे. तरी भीती गेली नाही. त्या यंत्रात माझ्या शेजारी कुणाचा तरी रंगीत, दोन रकान्यांचा बायोडाटा होता. त्याचं नाव वाचायच्या आत त्याला बाजूला सारलं गेलं. तो तुमचा असेल, तर त्याला लवकर सरळ ओळीत बसवा. खरं तेवढंच त्याच्या पदरात घाला. तो अजून तिथेच घाबरून बसला असेल.