टीव्हीतला भंडारा

मी मायाप्पाची घोंगडी बोलतेय. या, बसा. पण उघड्या अंगानं माझ्यावर टेकू नका, मी टोचते. जात्याच तशी आहे. त्या सोलापूरच्या चादरी बघा, फुलाफुलांच्या, मऊ मऊ. पाहुणा आला की त्या पुढं आणि पाऊस आला की मी पुढं. असो, आपल्याला कुणाचा हेवा करायचा नाही.

माझा जन्म सांगोल्याकडच्या माळावरचा. मायाप्पाच्या काळ्या मेंढ्यांची लोकर त्याच्या बायकोनं, मायाक्कानं, मेंढरांमागं चालता चालता कातली आणि जोतीराम सणगरानं मला मागावर विणलं. चिंचोक्याची खळ प्यायले तेव्हा अंगात ताठा आला. तो अजून गेलेला नाही, असं मायाक्का म्हणते.

मायाप्पानं मला खांद्यावर टाकलं ते थेट बिरोबाच्या देवळात नेलं आणि माझ्यावर चिमूटभर भंडारा टाकला. भंडारा म्हणजे देवाची हळद. आमच्याकडं तो उचलून माणूस जे बोलेल ते खरं मानायचं, कोर्टकचेरी नंतर. भंडारा उचलून खोटं बोलणारा माणूस वस्तीत कुणी पाहिला नव्हता.

मग एका साली मुंबईची माणसं आली. दूरदर्शनवर तेव्हा 'तांबडी वेस' नावाची मालिका लागायची. रस्ते ओस पडायचे म्हणे तिच्या वेळेला. तिच्यातल्या एका भागाचं शूटिंग आमच्या माळावर होतं. गोष्ट दोन भावांच्या भांडणाची. थोरला भाऊ एका धनगराला फितवतो, तो धनगर भंडारा उचलून खोटी साक्ष देतो आणि धाकट्याला बायकोपोरांसकट गाव सोडावं लागतं. धनगराचं काम करायला जो नट आणला होता त्याला बघून मेंढरं चौखूर उधळली. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "मेंढरं ज्याच्या मागं जातात त्यालाच उभा करा!"

असा मायाप्पा नट झाला. पण भंडाऱ्याचं ताट समोर आलं तसा तो मागं सरला. "सायब, खोटं बोलतो. नाटक हाय म्हनून बोलतो. पर भंडारा हातात घिऊन न्हाय."

लाख समजावलं, न्हाय म्हणजे न्हाय. शेवटी मायाक्का घरात गेली आणि डब्यातलं बेसन ताटात ओतून घेऊन आली. "ह्ये उचला. टीव्हीला काय कळतंय!"

त्यानं बेसन उचललं, खोटी साक्ष दिली, आणि देताना बिचारा खरंच रडला. निम्मं बेसन माझ्यावर सांडलं. मुंबईवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

तो भाग लागला त्या दिवशी सगळी वस्ती शाळेतल्या टीव्हीपुढं जमली. मला वाटलं, आता परत टाळ्या. कसल्या टाळ्या! माणूस हलेना. बायांनी पदर तोंडाला लावले. मायाप्पा हसून इकडंतिकडं बघत होता आणि त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं.

त्याच पावसाळ्यात रोग आला आणि रावजीचा अर्धा कळप गेला. रावजी म्हणजे मायाप्पाचा जिवाचा सोबती, मिसरूड फुटायच्या आधीपासून दोघांनी एकत्र मेंढरं राखलेली. मेलेल्या कोकरापाशी बसून तोच पहिल्यांदा बोलला, "खोटा भंडारा उचललाय ह्येनं. देव सोडंल व्हय?"

"अरं, बेसन हुतं ते!" मायाप्पा ओरडला.

पण शाळेचा टीव्ही काळा-पांढरा. त्यात हळद काय, बेसन काय, राख काय, सगळं सारखंच. मायाक्कानं सांगितलं तर म्हणाले, घरचीच साक्ष. मायाप्पा म्हणाला, "मग आना खरा भंडारा, उचलून सांगतो." त्यावर रावजी जे बोलला ते मी विसरणार नाही. "एकदा खोटा उचलल्याला हात तुजा. आता त्येच्या उचलन्याला कोन इचारतंय?"

झालं. ह्याच्यावर माणसानं काय बोलायचं!

तसं त्याला वाळीत कुणी टाकलं नाही. चहा देत होते, लग्नाला बोलावत होते. पण जत्रेत बिरोबाची पालखी येते तेव्हा घरटी एक कर्ता पुरुष पुढं होऊन तिच्यावर भंडारा उधळतो. तिथं मायाप्पाला जागा राहिली नाही. तो मागं बाभळीखाली उभा राहायचा, मी त्याच्या खांद्यावर. मायाक्कानं रागानं मला ओढ्यावर नेऊन दगडावर आपट आपट आपटलं, बेसनाचा कण ठेवला नाही. पण त्याआधीच उंदरानं त्या वासानं माझा कोपरा कुरतडला होता. आता सांगा, हळदीला उंदीर तोंड लावतो का? पुरावा माझ्या अंगावर होता, पण घोंगडीला विचारतो कोण! पस्तीसेक वर्षं हे असंच भिजत पडलं.

आता मायाप्पा थकलाय. मला अंगावर घेतानाही कण्हतो, मायाक्काच मला त्याच्या खांद्यावर टाकते. यंदा जत्रा जवळ आली तशी त्यानं तिला एवढंच सांगितलं, "एक डाव देवाच्या म्होरं उबं ऱ्हायचं हुतं. ऱ्हायलंच बग."

आणि नेमकं त्याच वेळेला, घ्या, 'तांबडी वेस' नव्यानं सुरू झाली. नवे नट, नवे रंग, रोज संध्याकाळी. तरुणांनी जत्रेसाठी देवळाच्या मंडपात भिंतीएवढा टीव्ही लावला होता, त्याच्यावर सगळी वस्ती बघायला बसू लागली. बघणं कमी आणि नावं ठेवणं जास्त. "दुष्काळात बी लिपस्टिक सुटंना हिची." "मेंढरं बग, श्यांपूनं न्हायल्यागत." "पयलीची सर न्हाय बाबा." शिव्या देत होते आणि रोज वेळेच्या आधी येऊन जागा धरत होते. माणसांचं मला हे कधी कळलेलं नाही.

मायाप्पा काही गेला नाही. पण त्याची नात सृष्टी सोलापूरला कॉलेजात शिकते, ती जत्रेला आली होती. जत्रेच्या आदल्या दिवशी नाचतच घरात आली. "आज्जा, आज तुझा सीन आहे! भंडाऱ्याचा! मी सगळ्यांना सांगितलंय, आज माझा आज्जा पुढं बसणार."

मायाक्काचा हात भाकरीवर थांबला. पोरीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती बाहेर गेल्यावर मायाक्का म्हणाली, "सांगू का तिला?"

"नगं. तिच्या मनात तरी मी नट हाय."

"मग जाऊ नगा."

"न गेलो तर इचारंल की, का न्हाय आला."

मला खांद्यावर घेऊन तो निघाला. त्याच्या मानेचा घाम माझ्यात मुरत होता. मंडपात शिरलो. रावजी पुढंच बसला होता, त्यानं मान फिरवली. सृष्टीनं मायाप्पाला ओढून नेमकं त्याच्याच शेजारी बसवलं. मेले मी! दोघांच्या मध्ये एक वीत जागा आणि तिच्यात माझा कुरतडलेला कोपरा.

सृष्टी मोबाइल उघडून मोठ्यानं वाचायला लागली. "आज्जा, तुझा जुना सीन मी नेटवर टाकला होता ना, लोक काय लिहितायत बघ. 'हा धनगर कोण? नट वाटतच नाही.' 'जुनं ते जुनं.' 'खोटी साक्ष देताना याचे डोळे बघा.'"

मागून एका पोरानं विचारलं, "आज्जानं खोटा भंडारा उचललेला?"

मायाप्पानं माझा काठ मुठीत घट्ट धरला. इतका घट्ट, की धागा तुटल्याचं मला कळलं. मी म्हटलं, बिरोबा, वीज घालव रे! आमच्याकडं नको तेव्हा जाते, आज काय झालं तिला!

सीन आला. भिंतभर पिवळं. नवा नट, पोटऱ्या गुळगुळीत, खांद्यावर घोंगडी म्हणून कसलीशी शाल. छातीत घुमणारे ढोल वाजले, त्यानं ताटात हात घातला, मूठ वर नेली आणि सोडली. मूठभर पिवळं ढब्ब करून खाली पडलं.

"हॅत्!" रावजी उसळला. जन्मभर देवाचा भंडारा वाटलेला माणूस, त्याला राहवेना. "ह्यो भंडारा व्हय? पीठ हाय पीठ! ढेकळं पडत्यात बग! भंडारा असा पडतो व्हय कुटं? आरं, शूटिंगमदी खरा भंडारा कोन घेतंय!"

बोलला आणि थांबला. हात तसाच हवेत.

बायांच्या बाजूनं मायाक्का उठली. आवाज चढवला नाही तिनं. "भावजी, ह्येच म्या तवा सांगत हुते की."

सृष्टी एकेकाच्या तोंडाकडं बघायला लागली. रावजीनं तिच्यापुढं हात पसरला. "पोरी, त्यो जुना सीन लाव."

तिनं लावला. मोबाइलवर तो रंगीत होता! मालिका रंगीतच काढलेली, काळी-पांढरी होती ती शाळेच्या टीव्हीची काच. रावजीनं मोबाइल डोळ्यांशी धरला. मायाप्पाच्या बोटांना फिक्कट पीठ चिकटलेलं, माझ्यावर त्याच्या गुठळ्या पडलेल्या. त्यानं परत लावायला सांगितलं. मग परत. मग मोबाइल मांडीवर ठेवून तो खाली मान घालून बसला. मायाप्पा उठला आणि घराकडं चालू लागला. वाटेत त्यानं उंदरानं पाडलेल्या माझ्या भोकात बोट घातलं, ते घरी पोचेपर्यंत काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी जत्रा. ढोल घुमायला लागले. मायाप्पा सवयीनं बाभळीकडं निघाला तर रावजी आडवा, हातात भंडाऱ्याचं ताट.

"तिकडं कुटं? म्होरं चल."

मायाप्पानं ताटाकडं पाहिलं. "रावजी, तरनाताटा हुतो रं मी. त्या बाभळीखाली म्हातारा केलास मला."

"व्हय." रावजीच्या डोळ्यांतून पाणी आलं. "चुकलं माजं. शिव्या दे, मार. पर आदी म्होरं चल, पालकी आली बग."

मायाप्पा गेला. इतक्या वर्षांनी मी पालखी समोरून पाहिली हो! त्यानं मूठ भरली आणि हात उचलायला गेला. हात वर जाईना. खांदा कधीचा धरलाय, मला ठाऊक होतं, पण त्या घाईत ते त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. परत नेट लावला. छातीपर्यंत आला आणि अडला. भंडारा बोटांतून माझ्यावर सांडत होता, आणि पालखी पुढं सरकायला लागली होती. मायाप्पाच्या तोंडून लहान पोरासारखा आवाज निघाला.

रावजीनं ताट सृष्टीच्या हातात दिलं, मायाप्पाच्या कोपराखाली आपला तळवा घातला आणि म्हणाला, "उचल मर्दा, मी हाय."

दोघांनी मिळून तो हात उचलला.

खरा भंडारा कसा उडतो ते तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. पालखी माखली, रावजी माखला, मी तर पिवळीधमक झाले. त्या सोलापूरच्या चादरी काय रंगतील अशा!

आता मी दोरीवर आहे. पार विरलेय, माझे फार दिवस राहिले नाहीत, आणि त्याचेही नाहीत. सृष्टी म्हणतेय, "आज्जी, घोंगडी किती पिवळी झालीय, धुवून टाकू?" पोरी, तुझ्या पाया पडते. एकदा मला धुतलं होतं, तेव्हा बेसन वाहून गेलं आणि ह्याच्या शब्दाला पुरावा उरला नाही. मला टाकायची तेव्हा टाका, पण ह्या हळदीसकट टाका.