आपलं कच्चं कुठं आहे?

"बाई, कशाला एवढा घोळ घालताय? शेजारच्या शाळेची फाईल माझ्या मोबाईलमध्ये आहे. शाळेचं नाव बदलू, मुलांचा आकडा बदलू आणि देऊ पाठवून."

हर्षद सर वाईट मनानं बोलत नव्हते. महाडहून रोज मोटारसायकलवर घाट चढून यायचं, दोन वर्ग एका खोलीत सांभाळायचे आणि वर हे कागद. पळसकोंडच्या शाळेत शिक्षक दोनच, ते आणि अनुपमाबाई. वरून हुकूम आला होता की प्रत्येक शाळेनं आपल्यावर कुठली आपत्ती येऊ शकते, आपण कुठं कमी पडतो आणि त्याचे परिणाम काय, हे तपासून कळवावं.

"त्या शाळेच्या मागे डोंगर आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाही. नदी आहे."

"मग आपण पुरात वाहून जाणार असं लिहायचं? इथं, डोंगराच्या कुशीत?"

हर्षद सर हसले आणि मोबाईल खिशात घालून फळा पुसायला गेले. बाईंना हसू आलं नाही. मागे एका जुलैत पलीकडच्या खोऱ्यात दरड उतरली, तेव्हापासून पाऊस दोन दिवस लागून राहिला की त्यांचा डोळा लागत नसे. त्यांनी ठरवलं, ही तपासणी मुलांना बरोबर घेऊन करायची. आपल्या शाळेत काय मोडकं आहे ते मुलांइतकं कुणाला ठाऊक असतं?

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. काय येऊ शकतं? आपलं कच्चं कुठं आहे? आलं तर कुणाचं काय जाईल?

"साप!" पहिल्याच प्रश्नाला मागून आवाज आला.

"बिबट्या!"

"महादूचा बैल!"

"बाई, परीक्षा!" हे हृतिकचं. सगळा वर्ग फिदीफिदी हसला.

"परीक्षा येतेच रे, ती काय चुकतेय," बाई म्हणाल्या. "पण बैल आला तर दार लावता येतं. दार लावून थांबत नाही असं काय आहे?"

सेजल हळूच म्हणाली, "डोंगर."

पुढचे दोन दिवस मुलं शाळेभोवती हिंडली आणि एकेक कच्ची गोष्ट आणून बाईंपुढे ठेवू लागली. मागची खिडकी गंजून बसलीय, उघडत नाय. पहिलीची पोरं चपला शोधत बसतात. सलोनी म्हणाली, "शिट्टी फकस्त तुमच्यापाशी हाय. तुमी आजारी पडलात तर कोण वाजवणार?" बाईंनी त्याच संध्याकाळी पोलादपूरच्या बाजारातून दुसरी शिट्टी आणून हर्षद सरांच्या गळ्यात घातली. खिडकीला तेल पडलं. शिट्टी झाली की चपला घालत बसायचं नाही, असं ठरलं. बाईंना वाटलं, चला, ही पोरं शिकली.

सुरक्षित जागाही मुलांनीच शोधली. गावाचं सभागृह. शाळेपासून हाकेच्या अंतरावर, पक्क्या कातळावर, डोंगराच्या उतारापासून बाजूला. सभागृहाच्या पायऱ्यांच्या अलीकडून डोंगरातला पऱ्या वाहतो, त्याच्यावर एक मोरी, म्हणजे छोटा पूलच, आहे. ती ओलांडून पायऱ्या चढलं की झालं. वरून काही आलं तर ते पऱ्याच्या वाटेनं येणार, म्हणून मोरीवर क्षणभरही थांबायचं नाही, हे बाईंनी सगळ्यांकडून घोकून घेतलं.

मग सरावाचा दिवस आला. बाईंनी लांबलचक शिट्टी वाजवली. मुलं जोड्या करून निघाली. कुणी धावलं नाही, कुणी चपला शोधल्या नाहीत. रिमझिम पाऊस होता, तरी ओळ अशी सरळ की बाईंना कौतुक वाटलं. पुढची मुलं मोरी ओलांडून पायऱ्या चढली आणि आत गेली.

आणि ओळ तुटली.

निम्मी मुलं मोरीवरच थांबली. शहाण्या मुलांसारखी, हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून, नेमकी पऱ्याच्या तोंडाशी. सलोनीनं सेजलचा हात धरला होता. तो सेजलनं सोडवून घेतला.

"सेजल, पुढं चल! थांबलात का?"

"आमाला चालत नाय बाई."

"काय चालत नाही?"

"आत जायला. आबांनी नारळ ठेवलाय."

बाईंच्या लक्षात आलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती. त्यांनाही माहीत होती, पण मुलांच्या पायात ती अशी घोटाळत असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. सभागृह बांधलं ते मुंबईच्या पैशानं. मुंबईत कामाला गेलेली वरच्या आळीची पोरं आणि खालच्या आळीची पोरं, दोघांनी वर्गणी काढली. उद्घाटनाला संगमरवरी पाटीवरचा पडदा सरकला, तर खालच्या आळीची नावं एकेक, ठळक, आणि सर्वांत खाली बारीक अक्षरात 'व वरची आळी ग्रामस्थ'. वरच्या आळीनं त्याच दिवशी घरटी एक पुरुष गोळा करून देवीपुढं नारळ ठेवला, की त्या सभागृहाचा उंबरा आमच्या घरातलं कुणी ओलांडणार नाही. गावकऱ्यांचं मुंबईतलं मंडळही फुटून त्याची दोन झाली.

सगळ्यांत ऐकणारी, सगळ्यांत गुणी मुलं त्या मोरीवर उभी होती. घरच्यांचं ऐकावं, हे त्यांना बाईंनीच तर शिकवलं होतं.

संध्याकाळी बाई वरच्या आळीत कोंडाजी आबांकडे गेल्या. नारळ आबांच्या हातानं ठेवला गेला होता. सेजल आणि हृतिक दोघंही त्यांची नातवंडं. सेजल धाकट्या लेकाची, आणि हृतिक थोरल्याचा. थोरला रितेश बायकोसकट मुंबईत, मुलगा मात्र आजोबांपाशी. आबा पडवीत दोरी वळत बसले होते.

"या बाई. च्या ठेव गो, बाई आल्यात," त्यांनी आत हाक दिली. धाकटी सून आवडी दारात डोकावून गेली. शाळेत मुलांची खिचडी तीच शिजवायची, त्यामुळं सकाळचा प्रकार तिनं डोळ्यांनी बघितला होता.

बाईंनी सगळं सांगितलं. मोरी, पऱ्या, मुलं कुठं उभी राहिली. आबा ऐकत राहिले. दोरीला पीळ पडत राहिला.

"पोरं ऐकतात आमची," ते म्हणाले. आवाजात अभिमान होता.

"आबा, ती जिथं थांबली तिथूनच दरड उतरेल!"

"मग दुसरी जागा बघा."

"दुसरी जागा नाही. तुमची घरं उताराखाली, देऊळ उताराखाली. कातळ तेवढा एकच आहे."

"बाई, तुमी गावच्या नाय. तुमाला नाय कळायचं. आमचं नाव ग्रामस्थात घातलं. ग्रामस्थ! माझ्या रितेशनं डबल पाळ्या करून वर्गणी भरली, तो ग्रामस्थ? त्याला नाव नाय?"

"दरड काय पाटी वाचून येते का, आबा?"

"ते देवीला ठाव." आबांनी दोरीची गाठ मारली. "मी नारळ ठेवलाय, मी उचलू शकत नाय. आमच्या आळीच्या मंडळानं ठरवलं तर बघू. रितेशला फोन लावा, तोच सेक्रेटरी हाय."

बाईंनी तिथंच पडवीतून फोन लावला.

"नमस्ते मॅडम," रितेश म्हणाला. मागं कुठंतरी मशीनचा आवाज चालू होता. "हां, पप्पांनी दुपारीच बोलले मला. मॅटर जरा सेन्सिटिव्ह हाय ना. असं फोनवर नाय होणार. गणपतीला सगळे गावी येतील, तेव्हा मिटिंग घेऊ. टॉपला विषय ठेवतो तुमचा."

"रितेश, गणपतीपर्यंत निम्मा पावसाळा सरलेला असतो."

"हां, ते पण हाय."

"हृतिक आज मोरीवर उभा होता. पऱ्याच्या तोंडाशी."

"पाऊस जास्त असला तर त्याला घरी पाठवत जा ना मॅडम," रितेश म्हणाला. "ओके? ड्युटीवर हाय मी."

घर उताराखाली आहे, हे त्याला सांगावं लागावं? बाईंनी फोन बंद केला. चहा तसाच राहिला.

खालच्या आळीत महिपतींकडे सभागृहाची देखरेख होती. ते तर हसलेच. "आमी कुणाला अडवलंय, बाई? दार सताड उघडं हाय. येऊ देत की खुशाल. पाटी मात्र तशीच ऱ्हाणार. संगमरवर हाय तो, पाटीपेन्शील नव्हं पुसायला."

दुसऱ्या दिवशी बाईंनी शाळांच्या केंद्रावरच्या साहेबांना फोन करून विचारलं की शाळेचा मोठ्यात मोठा कच्चा दुवा गावातलं भांडण आहे, ते कुठल्या रकान्यात लिहू? साहेब घाईत होते. "अहो, अंतर्गत वाद कशाला लिहिता? भिंतीला भेग नाही का एखादी? ती लिहा."

"भेग आहे," बाई म्हणाल्या. "भिंतीत नाही पण." साहेबांना ते ऐकू गेलं नसावं.

हर्षद सरांनी त्या दिवशी मोबाईल काढला नाही. "बाई, आता?" एवढंच विचारलं.

"आता मोठ्यांना बोलावू. बघू देत आपल्या डोळ्यांनी."

पुढच्या सरावाला बाईंनी दोन्ही आळ्यांना निरोप दिला. मोरीच्या अलीकडे वरच्या आळीची माणसं छत्र्या घेऊन उभी राहिली. पलीकडे, सभागृहाच्या पायऱ्यांवर, खालची. आबा सगळ्यांत पुढं.

शिट्टी वाजली. ओळ आली, पुढची मुलं पायऱ्या चढली, मागची मोरीवर थांबली. पऱ्याचं गढूळ पाणी मोरीखालून धडधडत होतं.

"हे बघा," बाई म्हणाल्या. वर्गात फळ्यापुढं बोलत तशाच त्या बोलत होत्या. "वरून माती सुटली तर ती इथून येणार. ही मुलं इथं उभी राहणार, कारण ती गुणी आहेत. आता सांगा, कुणाचं काय जाईल?"

छत्र्या हलल्या. कुणी खोकलं. आबा ताठ उभे होते.

शाळेकडून आवडी आली. हात खिचडीनं माखलेले, पदर खोचलेला. ती सरळ मोरीवर गेली आणि तिनं सेजलचं मनगट धरलं.

"कुठं चाललीस गो?" आबा ओरडले.

"आत."

"नारळ ठेवलाय आपण!"

"तुमी ठेवलात, आबा. घरटी एक बाप्या गेला. मला कुणी इचारलं? गावकीत बायांना मोजत नाय ना तुमी? मग शपथेत बांधताना कशी मोजलीत?"

कुणीतरी मागून हसलं, बाईमाणूसच. आवडी सेजलला घेऊन पायऱ्या चढली. मग वरच्या आळीतली आणखी एक आई पुढं झाली, मग आणखी दोघी. पुरुष एकमेकांकडे बघत राहिले. नातवंडांना नेणाऱ्या आज्या होत्या, त्यांच्या मागं मुलं आपोआप गेली. मोरी रिकामी होत आली.

हृतिक उरला.

त्याला धरून न्यायला त्याची आई इथं नव्हती. आवडी परत खाली आली. "चल रे बाळा, काकीबरोबर."

"त्याला ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "त्याचा बाप सेक्रेटरी हाय. लोक काय म्हणतील?"

हृतिकनं काकीकडे बघितलं, आजोबांकडे बघितलं आणि हाताची घडी आणखी घट्ट केली. परीक्षेचा विनोद करणारा हाच पोरगा. आता ओठ चावत उभा.

बाईंच्या मनात आलं, ओढूनच न्यावं. दुसऱ्या क्षणी वाटलं, आबांना चार शब्द असे ऐकवावेत की जन्मभर विसरणार नाहीत. यातलं काहीच त्यांनी केलं नाही. त्यांनी हर्षद सरांना हाक मारली, "सर, आत हजेरी घ्या," आणि स्वतः जाऊन हृतिकशेजारी मोरीच्या कठड्यावर बसल्या. पावसात.

"बाई, तुमी जावा ना आत," आबा जरा वेळानं म्हणाले.

"एक मूल बाहेर आहे. शाळा अजून पोचलेली नाही."

"असं काय करता? भिजताय."

"भिजू देत."

आबा चुळबुळले. आजूबाजूला बघितलं, तर बाजूच्या छत्र्या कमी झालेल्या. खाली मान घालून त्यांनी काठी उचलली. 'जा' म्हणाले नाहीत, 'नको'ही म्हणाले नाहीत. पाठ फिरवली आणि वरच्या आळीची चढण चढू लागले. झाडाआड जाईपर्यंत हृतिक त्यांच्याकडे बघत होता.

"गेले आबा," तो म्हणाला. "आता दिसत नाय त्यांना."

बाईंना खूप काही सांगायचं होतं. दिसत नाही म्हणून येऊ नकोस, असं सांगायचं होतं. पण मूल नऊ वर्षांचं होतं आणि पऱ्या पायाखाली होता. त्यांनी नुसता हात पुढं केला. हृतिकनं तो धरला. दोघं पायऱ्या चढून आत गेली तेव्हा पोरांनी एवढा गलका केला की हर्षद सरांची हजेरी चुकली.

"झालं बाई!" सर हसत म्हणाले. "सगळी आत! आता बिनधास्त पाठवतो फाईल."

"नाही. उद्या परत शिट्टी."

"अहो, आता काय राहिलं?"

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. त्या खूप थकल्या होत्या आणि त्यांना अजून राग येत होता.

"तो आला कारण आबा घरी गेले," त्या म्हणाल्या. "डोंगर यायचा त्या दिवशी आबा समोर उभे असले, तर? ते उभे असताना तो आत यायला हवा. तोवर रोज."

हर्षद सरांनी उसासा टाकला आणि उद्या रेनकोट आणायला हवा, असं पुटपुटत ते हजेरी पुन्हा पहिल्यापासून घेऊ लागले.