एकही खाडा नाही

बाप जन्मायच्या आधीच आजा हैज्यानं मेला, असं आमच्या घरात सगळे सांगत. पण १९८१ साली मी रेल्वेच्या कचेरीत त्याची नोंद काढली, तर धनीराम नावाचा हा गँगमन मेल्यावरही बारा वर्षं छोट्या लाईनवर गिट्टी ठोकत होता. एकही खाडा नाही.

म्हणजे आजा पळाला होता. कुठेतरी दुसरं घर केलं असणार, आणि हे सगळे मिळून मला येडा बनवत होते.

लाखांदूरला एसटीतून उतरलो तो तणतणतच घरी गेलो. रंभाबाई आजी ओसरीत तांदूळ पाखडत होती. रेल्वेत काय सापडलं ते मी तिला सांगितलं.

"मेल्या माणसाची चौकशी तुले कायले पायजे?" असं म्हणून तिनं चटकन शेताच्या धुऱ्याकडे पाहिलं.

तिकडून आज्याचा धाकटा भाऊ सुखराम येत होता. जन्मभर शेतीच केली, असं तो सांगायचा. पण मोकळ्या धुऱ्यावरही तो लहान, सारखी पावलं टाकायचा, रुळांमधल्या स्लीपरवर पाय ठेवत चालावं तशी. हे मी लहानपणापासून पाहत होतो. खटकलं ते आज.

तो पाठमोरा उभा राहून पाय धुऊ लागला. मी मुकादमासारखा आवाज चढवला, "धनीराम."

"हाजिर," वळून न पाहता सुखराम बोलला. मग त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

आजीनं सूप खाली ठेवलं.

"नोकरी घरची होती, बाबू. ते हैज्यानंच गेले, मंग भाऊजीनं त्यायचा बिल्ला घातला."