रीत म्हणून कबूल केलेली चूक

आमच्या नॉर्थ कॅरोलिनातली माणसं खुर्चीला पाय लागला तरी खुर्चीची माफी मागतात. त्यामुळे चर्चच्या कोपऱ्यावर केन्नाची पिकअप ऑर्लीन व्हिस्नंटच्या गाडीवर आदळली आणि खुबा मोडलेल्या ऑर्लीननं समोर ढसाढसा रडणाऱ्या त्या एकोणीस वर्षांच्या पोरीला म्हटलं, "रडू नकोस गं, चूक माझीही होती," तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. पोलिसानं मात्र ते वाक्य जसंच्या तसं टिपून घेतलं.

आणि आमच्याकडचा कायदा असा खडूस, की समोरच्याची चूक नव्व्याण्णव टक्के असली आणि तुमची एकच, तरी तुमच्या पदरात भोपळा. थांबायची पाटी न जुमानता आपण घुसलो, हे केन्नानं कबूल केलं होतं. तरी तिची विमा कंपनी ऑर्लीनच्या त्या एका वाक्याला चिकटून बसली. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं उभं राहून काम केलेल्या ऑर्लीनला आता दहा मिनिटं उभं राहवत नव्हतं. भरपाई मिळाली नाही तर घर विकायचं आणि बहिणीकडे सोफ्यावर पडून दिवस काढायचे, एवढंच तिच्या हाती उरणार होतं.

"तू म्हणजे ना!" चर्चमधली तिची मैत्रीण लुरा रोज झापायची. "उद्या घरात चोर शिरला तर त्यालाही बर्फ घातलेला गार चहा विचारशील. सरळ सांग त्यांना, रीत म्हणून बोलले!"

सगळं गाव हेच सांगत होतं. ऑर्लीन मान डोलवायची आणि आतल्या आत मरायची. कारण ते वाक्य रीत म्हणून आलंच नव्हतं.

त्या दिवशी शेजारच्या सीटवर नारळाचा केक होता. गावातला बड हेफनर वारला होता, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मयताच्या घरी न्यायच्या केकला लुराच्या केकपेक्षा एक थर जास्त हवा, हा ऑर्लीनचा वर्षानुवर्षांचा हट्ट. पाच थरांचा तो डोलारा वळणावर कलला. तिनं उजवा हात स्टिअरिंगवरून काढून त्याला सावरलं. नजरही तिकडेच. मान वर केली तेव्हा पिकअप दाराशी आली होती. रस्त्यावर लक्ष असतं तर ब्रेक वेळेवर लागला असता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाडीभर उडालेल्या केकबद्दल लोक हळहळले, पण तिचा हात कुठं होता हे कुणी विचारलं नाही.

शेवटी ऑर्लीननं दावा लावला, आणि कोर्टात जाण्याआधीच्या साक्षीसाठी सगळे तिच्या वकिलाच्या ऑफिसात जमले. तोच उजवा हात वर करून ऑर्लीननं खरं बोलायची शपथ घेतली. समोर केन्ना नखं कुरतडत बसली होती.

विमा कंपनीच्या वकिलानं विचारलं, "मिस ऑर्लीन, चूक माझीही होती, असं तुम्ही का म्हणालात?"

ऑर्लीनच्या डोळ्यांपुढे बहिणीचा तो सोफा आला.

"पोरगी रडत होती हो," ती म्हणाली. "रीत म्हणून म्हटलं."

"गाडी चालवताना तुमचं लक्ष रस्त्यावर होतं?"

"हो, साहेब."

बाहेर पॅसेजमध्ये लुरा तिला न्यायला थांबली होती. इतक्यात केन्ना धावत आली आणि ऑर्लीनच्या गळ्यातच पडली.

"मिस ऑर्लीन, आईसुद्धा माझ्याशी बोलत नव्हती. तुमचं ते एक वाक्य धरून मी दिवस काढले. माझ्यासारखीसाठी तुम्ही तेव्हा खोटं बोललात! चूक सगळी माझीच होती."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं ऑर्लीनला झालं. इतकी लाज तिला उभ्या आयुष्यात वाटली नव्हती.

"नाही गं," ती कशीबशी म्हणाली. "माझीही होती. खरंच होती."

लुरा खो-खो हसत सुटली. "बघा, झाली पुन्हा सुरू! अरे, हिला आवरा कुणीतरी!"

मागून आलेला ऑर्लीनचा वकीलही हसला. केन्ना डोळे पुसत हसली. मग ऑर्लीनही हसली, रीत म्हणून.