साठ नावांचं दूध

तपासणीला आलेल्या साहेबांनी एक घोट तोंडात घेतला आणि बाजूला जाऊन थुंकून टाकला.

"हे दूध आहे की भांडी धुतलेलं पाणी? पावडर जाते कुठे, बाई?"

जमनाबाईंचा हात ढवळायच्या दांड्यावर तसाच राहिला. "पातेलामाच जास, साहेब. आखो कोठे जाई?"

म्हसावदच्या वर, डोंगराला लागून असलेल्या या शाळेत त्या दोन वर्षं दूध कालवत होत्या. साता समुद्रापलीकडची कुठलीशी धर्मादाय संस्था पावडरची पोती पाठवी, हजेरीतल्या साठ नावांपुरती. यंदा पावसानं दगा दिला आणि सातपुड्यातून पावरा आदिवासींची पोरं धाकटी भावंडं काखेत मारून उतरू लागली. साठाची सव्वाशे झाली. पावडर साठाचीच राहिली.

जमनाबाईंनी उभ्या जन्मात पंचक्रोशीतलं कीर्तन चुकवलं नव्हतं. सप्ताहाच्या पंगतीला माणसं वाढली तर वरणात पाणी वाढतं, पानावरून कुणाला उठवत नाहीत, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यांनी पातेल्यात एक हंडा पाणी जास्त ओतलं. पुढच्या आठवड्यात दोन.

"किती पाण्याला किती पावडर, हे लिहून दिलंय ना?"

"लिखेल शे ना. पन त्या कागदमा पोरं साठच शेतस. बाकीनासले काय सांगू, देव साठनाच शे?"

चुनीलाल गुरुजींना हसू फुटलं. साहेबांकडे पाहून त्यांनी ते गिळलं. "साहेब, बाईंची स्वतःची नात याच रांगेत बसते. तिलाही हेच मिळतं."

साहेब वाईट नव्हते. पण दुसऱ्या एका दूध केंद्रावरची पावडर हलवायाच्या दुकानात सापडली होती, आणि पातळ दूध म्हणजे चोरी, असा वरून हुकूम होता.

"माझ्या हातात नाही, बाई. अहवाल थेट परदेशात जातो."

"मंग माले काढी टाका. दुसरी बाई ठेवा." जमनाबाईंनी हात जोडले. "पन दूध बंद करू नका, बाप!"

"केंद्रच बंद करावं लागेल."

उरलेली पाच पोती जीपमध्ये चढली. चढवायला गुरुजींनीच हात लावला. दुसरं कोण होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं आली. काही दोन कोस चालून आली होती. रोजच्यासारखी भिंतीला धरून बसली, पुढे वाट्या मांडल्या.

"जा रे भाऊ, जा माय, आज दूध नही," जमनाबाईंनी हातानं खूण करकरून सांगितलं. पावरांच्या पोरांना त्यांची बोली कळत नव्हती. कळली असती तरी जायचं कुठे? ऊन भिंतीवरून उतरून डोक्यावर आलं. कुणी रडलं नाही, कुणी उठलंही नाही.

शेवटी जमनाबाई रांगेच्या टोकाला आल्या आणि सगळ्यात धाकट्या पोरीशेजारी, पदर सावरून, पंगतीला बसावं तशा मांडी घालून बसल्या.

पोरगी थोडी सरकली. आपली वाटी तिनं दोघींच्या मध्ये ठेवली.